नाथांचा तुर्क आणि अब्बांचं दुकान

1991 सालची गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय मराठी. अभ्यासक्रमात एकनाथांची निवडक भारुडं होती आणि त्यांत ‘हिंदू-तुर्क संवाद’ होता. सर म्हणाले, संवाद आहे, तर दोघांनी उभं राहून वाचा. हिंदूचा भाग वाचायला चार हात वर झाले. तुर्काचा भाग कोण वाचणार, असं सरांनी विचारलंच नाही. त्याची गरजच नव्हती. सगळ्या वर्गानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं होतं. त्या वर्गात मी एकटाच होतो.

मी उभा राहिलो. हिंदूचा भाग ज्याच्या वाट्याला आला तो माझा मित्रच, गळ्यात तुळशीची माळ असलेला. आणि तुर्काचं पहिलंच बोलणं काय, तर समोरच्याला काफर म्हणणं! माझा आवाज चिरकला. त्यावर हिंदूचं उत्तर असं की, लांब हो, मला विटाळ होईल. हे वाचताना त्याचाही आवाज चिरकला. वर्ग हसला. मग मात्र काय झालं कुणास ठाऊक, आम्ही दोघं रंगात आलो. पाचदहा कडव्यांनंतर वर्ग बाकं वाजवायला लागला. तुर्कानं टोला हाणला की माझ्या बाजूनं, हिंदूनं हाणला की त्याच्या. संवाद साठ-पासष्ट कडव्यांचा आहे आणि शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात. सर म्हणाले, “मारा आता.” आम्ही मारली. कॉलेजच्या तीन वर्षांत परीक्षेच्या बाहेरचं असं एवढं एकच काहीतरी माझ्या पक्कं लक्षात राहिलं आहे.

घरी गेल्यावर मी ते पुस्तक अब्बांना वाचून दाखवलं. आमचं गाव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. घराणं मुलाण्याचं. आजोबांपर्यंत मुलाणकी होती, बलुतं होतं; अब्बांनी शिवणाचं मशीन घेतलं आणि बाजारपेठेत दुकान टाकलं. म्हणून गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणे. शिकले होते चौथीपर्यंत. मी तुर्काचा भाग वाचायला लागलो तसे त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं. म्हणाले, “नीट वाच. ही तर तुझ्या दादीची बोली आहे.” आणि खरंच, नाथांनी हिंदूच्या तोंडी मराठी घातली आहे आणि तुर्काच्या तोंडी दखनी. लखनौची किंवा दिल्लीची उर्दू नव्हे. आमच्या आयाबाया चुलीपुढं बसून जी बोलतात, जिला उर्दूचे मौलवीही हसतात आणि मराठीचे मास्तरही, ती. वर्गात मी ती चुकीच्या हेलात वाचली होती, कारण कॉलेजात दखनी बोलायची मला लाज वाटायची. अब्बांनी मला चारशे वर्षांपूर्वीच्या ब्राह्मण संतानं लिहिलेली वाक्यं माझ्याच घरच्या हेलात म्हणायला शिकवलं.

दुकानात तेव्हा तात्या बसलेले होते. तात्या म्हणजे आमच्या वेशीबाहेरच्या मळ्यातले कांदेवाले शेतकरी, माळकरी, वारी न चुकवणारे. पैरण शिवायला टाकायची हे निमित्त; एका पैरणीसाठी माणूस आठवडाभर रोज येऊन बसत असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, नाथमहाराजांनी आपलं दुकान बघितलं होतं की काय?”

त्यांना असं का वाटलं, हे सांगायचं तर आधी त्या संवादात काय आहे ते सांगायला हवं.

एकनाथ पैठणचे, सोळाव्या शतकातले. 1599 साली त्यांनी समाधी घेतली. त्या वेळी पैठणवर निजामशाहीचा अंमल होता. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला, त्या राज्याच्या चाकरीत होते. जनार्दनस्वामींनाही एक गुरू होते, चांद बोधले. ते सूफी परंपरेतले होते, असं रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे नाथांच्या भोवतीची हवा कशी होती, याचा अंदाज बांधता येतो. बाजारात, कचेरीत, पाणवठ्यावर दोन्ही धर्मांची माणसं होती आणि कचेरीची भाषा फारसी होती. नाथांनी ती भाषाही सोडली नाही. ‘अर्जदस्त’, ‘कौलनामा’, ‘ताकीदपत्र’, ‘जाबचिठ्ठी’ अशा नावांची भारुडं त्यांनी रचली. देवाच्या दरबारात जीवानं केलेला अर्ज, थेट सरकारी कागदाच्या घाटात! ज्या माणसाचा कान कारकुनाच्या कागदापर्यंत पोचतो, त्याला रस्त्यावरचं भांडण ऐकू येणारच.

आणि तो संवाद म्हणजे रस्त्यावरचं भांडणच आहे. त्यात पंडित नाही, काझी नाही, सभा नाही, पंच नाहीत. तुर्क विचारतो ते प्रश्न शाळकरी पोरांनी विचारावेत तसे आहेत. तुमचा ब्रह्मदेव स्वतःच्या मुलीच्या मागं धावला, तो कसला देव? तुमच्या देवाची बायको राक्षसानं पळवली आणि सोडवायला माकडं लागली? दगडापुढं कसले नाचता? हिंदूही काही कमी नाही. देव सगळीकडं आहे म्हणता, मग पाच वेळा एवढ्या मोठ्यानं हाक कशाला मारता, तो लांब आहे का? पश्चिमेकडंच तोंड का करता, बाकीच्या दिशा काय ओस पडल्या? आमच्या दगडाला नावं ठेवता आणि थडग्यावर फुलं वाहता! मुक्या जिवाच्या मानेवर सुरी फिरवता आणि वर त्याला पुण्य म्हणता! मग तुर्क पंगतीवर येतो. एकाच्या पानातलं शीत दुसऱ्याच्या पानात पडलं की तुम्ही एकमेकांचा गळा धरता, हा तुमचा धर्म? त्यावर हिंदूचा एक प्रश्न असा आहे की तो मला आजही लाजवाब वाटतो. हिंदूला बाटवून मुसलमान करता, म्हणजे देवानं त्याला हिंदू केलं ही देवाची चूक झाली आणि तुम्ही देवापेक्षा शहाणे?

आता माझं मत. हा संवाद अगदी काट्यावर तोललेला आहे, असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. लिहिणारा हिंदू आहे आणि लांबलचक उत्तरं हिंदूलाच मिळाली आहेत. तुर्काला प्रश्न मिळाले आहेत. पण त्या प्रश्नांतला पंगतीचा प्रश्न बघा. पैठणसारख्या कर्मठ गावात, सोवळ्याओवळ्यानं गांजलेल्या समाजात, एक ब्राह्मण आपल्याच जातीच्या वर्मावर बोट ठेवतो आणि ते बोट तुर्काचं करतो. स्वतःच्या तोंडून जे ऐकून घेतलं गेलं नसतं, ते त्यानं परक्याच्या तोंडून ऐकवलं. नाथांना तुर्काची गरज होती, असं मी म्हणतो. उपकार म्हणून त्यांनी त्याला बोलू दिलेलं नाही.

एलिनॉर झेलियट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या संवादावर इंग्रजीत निबंध लिहिला आणि जगाला त्याची ओळख करून दिली. आपल्याकडं मात्र लोकांना नाथांच्या आयुष्यातला दुसराच एक तुर्क माहीत आहे. तो थुंकणारा. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर तो थुंकतो, नाथ परत स्नानाला जातात, तो परत थुंकतो, असं एकशे आठ वेळा. नाथ रागावत नाहीत आणि शेवटी तो पाया पडतो. ही कथा मी लहानपणी सप्त्याच्या कीर्तनात किती वेळा ऐकली असेन! आम्ही मुलं पुढं बसायचो, मंडपात, प्रसादाच्या आशेनं. बुवा रंगात येऊन थुंकायची नक्कल करायचे तेव्हा दोनतीन पोरं हळूच माझ्याकडं बघायची. कुणी काही बोलत नसे. मी मांडी बदलून बसायचो.

कथेतून नाथांची शांती दिसते हे खरंच. माझी तक्रार नाथांविषयी नाहीच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. थुंकणाऱ्या तुर्काची कथा नाथांच्या नंतरच्या लोकांनी सांगितली. बोलणारा तुर्क स्वतः नाथांनी लिहिला. थुंकणाऱ्याला एकही वाक्य नाही. तो का थुंकतो, त्याचं म्हणणं काय, हे कथेत कुणी विचारत नाही. नाथांच्या स्वतःच्या रचनेत तुर्क पहिल्या कडव्यापासून बोलतो, शिव्या देतो, ऐकून घेतो, अडवतो. आम्ही कीर्तनाला पहिला घेतला आणि दुसरा बी.ए.च्या पुस्तकात टाकला.

नाथांच्या नंतर हाच संवाद एका माणसाच्या पोटात शिरलेला दिसतो. तो माणूस म्हणजे शेख महंमद, आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे. त्यांना मालोजीराजे भोसल्यांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजोबांनी, मठ बांधून दिला अशी परंपरा सांगते. त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत लिहिला. चांद बोधल्यांशी त्यांचंही गुरुशिष्याचं नातं जोडलं जातं. वारकरी त्यांना कबीराचा अवतार मानतात. मुसलमान घरात जन्मून मराठीत विठ्ठलावर लिहायचं, म्हणजे दोन्हीकडच्यांना उत्तरं देत बसणं आलं. त्यांच्या लिहिण्यात ती उत्तरं जागोजाग आहेत. मूर्ती पुजणाऱ्या भोंदूंनाही ते सोडत नाहीत आणि जीभेवर कलमा, हातात सुरी असल्यांनाही सोडत नाहीत. अब्बा दरवर्षी मला तिथं नेत. तात्याही कधी कधी बरोबर असत. एसटीतून उतरलं की अब्बा म्हणत, “चला दर्ग्यात,” आणि तात्या म्हणत, “चला मठात,” आणि तिघं एकाच दारातून आत जायचो. आता त्या जागेला मठ म्हणायचं की दर्गा, यावरून वाद झाले आहेत. मी त्या वादात इथं पडत नाही. तिघं एका दारातून जायचो एवढंच मला माहीत आहे.

मराठीत धर्मावरचे जाहीर वादविवादही पुष्कळ झाले. 1857 सालच्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांची संध्याकाळी गर्दी जमवून जुगलबंदी चाले, तिची टिपणं पुढं छापलीही गेली. वाचायला बहार येते. पण तिथं दोघंही जिंकायला आलेले होते आणि ऐकणारे कोण जिंकतो ते बघायला. दुसऱ्या दिवशी त्या दोघांना एकमेकांकडून पैरण शिवून घ्यायची नव्हती.

आमच्या दुकानातल्या बोलण्याचा सगळा कायदा त्या पैरणीत होता. तात्या आणि अब्बा एकमेकांना कायम अहोजाहो करत आणि त्या अहोजाहोत वाटेल ते बोलत. तात्या म्हणत, “मास्तर, तुमचा अल्ला एवढा मोठा, मग त्याला मरीआईच्या बोकडाची मान कशाला लागते?” हा बाण नेमका असे. कारण मरीआईच्या जत्रेत बोकडावर सुरी फिरवायला गाव मुलाण्यालाच बोलवायचं. ती आमची जुनी बलुतेदारी. देवी हिंदूंची, बोकड हिंदूंचा, खाणारे हिंदू आणि बिस्मिल्ला म्हणणारा आमचा आजोबा. अब्बा शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणत, “अल्लाला नाही लागत तात्या, तुमच्या पाहुण्यांना लागते. मुलाण्याच्या हातचं नसलं तर तुमचे पाव्हणे ताटाला हात लावत नाहीत.” तात्या माळकरी, घरात कांदा पिकवत पण एकादशीला खात नसत. ते हसत आणि तंबाखूची चंची काढत. (चंची अब्बांनीच शिवलेली होती, उरलेल्या तुकड्यांची.)

रोजा आणि एकादशी यांत अवघड काय, यावर एक अख्खा रमजान गेला. थुंकीसुद्धा गिळायची नाही म्हणता, मग झोपेत गिळली तर? साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन उपास कसा होतो? जन्नतमध्ये हूर मिळतात, तर मग आमच्या भाभींना काय मिळतं? हा प्रश्न तात्यांनी विचारला तेव्हा आतल्या खोलीतून अम्मीनं उत्तर दिलं, “मला तरी सुट्टी मिळू दे!”

सगळ्यांत लांबलेला वाद पुरण्याचा आणि जाळण्याचा. तात्यांचं म्हणणं, जाळलं की मोकळं. धूर वर, राख गंगेला. तुम्ही खाली पडून राहता, पावसाळ्यात पाणी मुरतं, माणसाचे हाल किती! अब्बा म्हणत, तुम्हाला चार मण लाकूड लागतं, मला सहा हात जमीन आणि काही वार कापड, आणि कापड घरचंच आहे. यावर तात्या म्हणत, “पण पाणी मुरतं.” बस. त्यांच्यापाशी एवढा एकच मुद्दा होता आणि तो ते वर्षानुवर्षं सोडत नसत.

मी या बोलण्याला थोर वगैरे म्हणणार नाही. त्यात बरंच अज्ञान होतं, चेष्टा होती, क्वचित लागट बोलणंही असे. एकदा दोघांचं दोन महिने बोलणं बंद झालं होतं. कारण आता मला सांगवतही नाही इतकं क्षुल्लक होतं. तात्यांनी त्या दोन महिन्यांत पेठेतल्या दुसऱ्या शिंप्याकडून लेंगा शिवून घेतला आणि तो घालून मुद्दाम आमच्या दुकानावरून गेले. अब्बा म्हणाले, “नाडीची पट्टी वाकडी आहे.” तिथंच अबोला सुटला.

डिसेंबर 1992 मध्ये अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत दंगली झाल्या. आमच्या गावात काहीच झालं नाही. दुकान दोन दिवस बंद होतं, तिसऱ्या दिवशी अब्बांनी उघडलं. त्याच दिवशी तात्याही आले, पण त्या दिवसापासून दुकानातलं बोलणं बदललं. तात्या विचारत, “बरं आहे ना मास्तर? तब्येत?” अब्बा म्हणत, “देवाची कृपा.” कांद्याचा भाव. थंडी. पोराची परीक्षा. दोघंही इतके सभ्य झाले होते की ऐकवत नसे. बोकडाचं नाव नाही, हुरींचं नाव नाही. समोरच्याला लागेल या भीतीनं दोघं जपून पावलं टाकत होते. तेवढ्यात कुणी तिसरं गिऱ्हाईक आलं की तात्या उठून जात. मी तेव्हा कविता लिहायला लागलो होतो आणि बाहेरच्या जगाविषयी मोठमोठ्या ओळी लिहीत होतो. घरातली ही शांतता मला लिहिता आली नाही. अजूनही येत नाही.

ते साधारण चार-पाच महिने चाललं. जत्रेच्या आधी तात्या एकदा भर दुपारी आले, बाकावर बसले, चंची सोडली, परत बांधली. आणि एकदम म्हणाले, “मास्तर, खरं सांगा. मरीआईच्या बोकडाला तुम्ही अल्लाचं नाव सांगता, तर मग तो बोकड जातो कुणाकडं?”

अब्बांनी मशीन थांबवलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या. त्यांना बोलायला वेळ लागला. मग म्हणाले, “तात्या, तो पंगतीत जातो. तुम्हीच लांब बसता, तुम्हाला कसं कळणार?”

तात्या केवढ्यानं हसले! अम्मी चहा घेऊन बाहेर आली. एरवी ती पोराच्या हाती चहा पाठवत असे, त्या दिवशी स्वतः आली.

मी आता शहरात राहतो. आमच्या सोसायटीत माणसं चांगली आहेत. ईदला मोबाइलवर चाळीस शुभेच्छा येतात, दिवाळीला मीही पाठवतो, चंद्राचं चित्र आणि पणतीचं चित्र. शिरखुर्म्याचे डबे जातात, फराळाचे येतात. वीस वर्षांत एकाही शेजाऱ्यानं मला विचारलेलं नाही की तुमचा देव पश्चिमेलाच का. मीही कुणाला विचारलेलं नाही की तुमच्या पंगतीचं काय झालं. लिफ्टमध्ये आम्ही पाण्याच्या टँकरविषयी बोलतो.

अब्बा 2009 साली जुलैत गेले. दफनविधीला गाव जमलं होतं. कब्रस्तान ओढ्याच्या कडेला आहे. तात्या पंचाहत्तरीच्या पुढं गेलेले, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. नमाज होईपर्यंत फाटकापाशी उभे राहिले आणि मग काठी टेकत आत आले. अब्बांना खाली ठेवलं, फळ्या लावल्या आणि माती लोटायला सुरुवात झाली तेवढ्यात भुरभुर लागली. तात्यांनी काखेतली छत्री उघडली. मला वाटलं स्वतःवर धरतील. त्यांनी ती हात लांब करून खड्ड्यावर धरली आणि माती भरेपर्यंत तशीच धरून राहिले, स्वतः भिजत. शेवटी वाकून तीन मुठी माती टाकली. उठताना मी त्यांना हात दिला, तर माझ्याकडं न बघता, खाली बघत म्हणाले,

“म्हटलं होतं ना मास्तर, पाणी मुरतं म्हणून.”